चित्र कुणी काढलं

टाकेकाकूंना एक सवत होती आणि ती भिंतीवर टांगलेली होती. हा विनोद त्यांनी स्वतःच लग्नानंतर थोड्याच दिवसांत केला आणि तो घरात कायमचा राहिला. त्यांचा नवरा शहरातल्या मोठ्या चित्रसंग्रहालयात पहारेकरी होता. बाकीच्या पहारेकऱ्यांची दालनं बदलत, काकांचं कधी बदललं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या दालनात, दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर त्यांची सगळी नोकरी झाली, आणि समोर सगळा वेळ एकच चित्र.

चित्रकार माणसांपेक्षा डोंगर, वादळं आणि पडके बुरूज रंगवण्यात रमले होते, त्या काळातलं ते तैलचित्र होतं. वादळ नुकतंच सरकून गेलेली एक खोल दरी. डावीकडे ढासळलेला बुरूज, मधोमध वीज पडून काळं ठिक्कर झालेलं झाड, लांबवर नदीची चमकती रेघ, आणि खाली कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, पाठमोरा उभा असलेला एक वाटसरू.

संध्याकाळी काका घरी येऊन बूट काढता काढता सांगत, "आज आभाळ जरा मोकळं वाटलं." बाहेर दिवसभर धुकं असलं तरी. काकू म्हणत, "तुमच्या आभाळावर माझे कपडे वाळायचे नाहीत." मग दोघं चहा घेत. काकूंनी ते चित्र एकदाच, नव्या नवरीच्या दिवसांत पाहिलं होतं, म्हणजे खरं तर पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर गणवेशातल्या माणसावर होती.

काकू स्वतः एका इस्पितळाच्या कपडेखोलीत होत्या. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे झगे यांना टाके घालणं, रफू करणं हे त्यांचं काम. तिथल्या नर्स मुलींनी त्यांना टाकेकाकू हे नाव दिलं. डॉक्टर माणसाला टाके घालतात आणि आमच्या काकू माणसाच्या पांघरुणाला, असं त्या म्हणायच्या.

दोघं निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे राहायला गेली, आणि मग काकांची आठवण उसवायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं उजेडापुढे धरली आणि सांगितलं की हे आता मागे फिरणार नाही. काकूंनी ते ऐकून घेतलं. म्हातारपणी काहीतरी व्हायचंच, हे झालं, असं त्या मुलीला म्हणाल्या.

पण एका सकाळी काकांनी जुना गणवेश शोधून अंगात चढवला, पुढच्या खोलीतली खुर्ची ओढून दाराजवळ ठेवली आणि तिच्यावर ताठ बसले. समोर रिकामी भिंत होती. थोड्या वेळानं ते उठले, भिंतीपाशी गेले आणि तिच्यावरून हात फिरवायला लागले.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता. "अगं, चित्र गेलं."

"कुठलं चित्र?"

"चोरलं कुणीतरी. माझ्या ड्युटीवर. मी इथेच बसलो होतो गं."

काकूंनी समजावलं की हे आपलं घर आहे, चित्र तिकडे सुखरूप आहे, तुम्हाला निवृत्त होऊनही किती काळ झाला. काकांनी ऐकलं, मान हलवली, आणि परत भिंतीकडे पाहून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. रोज मरे त्याला कोण रडे म्हणतात, पण काकांसाठी ती चोरी रोज सकाळी नव्यानं होत होती आणि ते रोज तितकंच रडत होते. साहेबांना काय तोंड दाखवू, म्हणत. मला आत टाका, म्हणत.

मुलीनं आधी त्यांना गाडीत घालून संग्रहालयातच नेलं. चित्रासमोर ते शांत उभे राहिले, चेहरा निवळला. परत येताना गाडीतच ते सगळं पुसलं गेलं आणि घरात पाऊल टाकताच भिंत पुन्हा रिकामी दिसली. पुढे पायांनी साथ सोडली आणि जिने बंद झाले. मग मुलीनं चित्राची मोठी छापील प्रत करून, चौकट घालून आणली. काकांनी जवळ जाऊन डोकं वाकडं करून बाजूनं पाहिलं, पहारेकरी पाहतात तसं.

"हा कागद आहे," ते म्हणाले. "चोरानं कागद लावून ठेवलाय." आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत.

संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करणारी एक चित्रकारीण काकांच्या ओळखीची होती. वय झालेली, एकटी, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहणारी. काकू तिला शोधत गेल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला ते चित्र हुबेहूब करून द्या."

चित्रकारणीनं दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "हे आता बोट दाखवण्यापुरते उरलेत. शिकवू शकते. करून देऊ शकत नाही."

"मला साधी रेघ ओढता येत नाही."

"रफू करता ना? मग नजर आहे. बाकी सगळं रडून रडून येतं."

अशा रीतीनं टाकेकाकू साठी उलटल्यावर तैलरंग शिकायला लागल्या. मुलगी दुपारी वडिलांजवळ बसे आणि काकू त्या खोलीचा जिना चढत. खोलीला टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास होता, खालून सायकलींच्या घंट्या ऐकू येत. सुरुवातीला चित्रकारणीनं त्यांना फक्त एक पांढरा कप रंगवायला दिला, तोही पांढरा रंग न वापरता. काकूंना वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. पण हळूहळू त्यांना दिसायला लागलं की कप कुठेच पांढरा नाही, तो राखाडी आहे, निळसर आहे, खिडकीकडून पिवळा आहे.

मग कॅनव्हास आला. संग्रहालयाच्या नियमाप्रमाणे नक्कल मूळ चित्रापेक्षा लहान असावी लागे, म्हणून वीतभर लहान. चित्रकारणीनं चौकटी आखायला शिकवलं. त्या चौकटींतून बुरूज, झाड, नदी जागच्या जागी बसवायची, मग तपकिरी रंग टर्पेंटाइननं पातळ करून नुसत्या सावल्या लावायच्या, त्या वाळल्या की वर रंग.

"सावली पातळ, उजेड जाड," ती पुन्हा पुन्हा सांगे. "अंधारातून आरपार दिसलं पाहिजे. उजेड वर बसला पाहिजे. कागदावर तो बसत नाही, म्हणून तर तुमच्या नवऱ्यानं ओळखलं."

बुरूज जमला. झाडही बऱ्यापैकी जमलं. आभाळ जमेना. मूळ चित्रातलं आभाळ अर्ध्याहून जास्त कॅनव्हास व्यापून होतं; करडे ढग फाटत होते आणि मागून कुठूनतरी उजेड येत होता, पण कुठून ते दिसत नव्हतं. काकूंनी तिथे निळा लावला, त्यात पांढरा मिसळला, काळा मिसळला, आणि सगळ्याचा चिखल झाला. चित्रकारणीनं चाकू हातात दिला आणि खरवडायला सांगितलं. पुन्हा लावला, पुन्हा चिखल.

"तुम्ही आभाळ रफू करताय," एकदा ती म्हणाली. काकूंच्या मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. "सगळे फटकारे एकसारखे, एकाला एक लागून. ढगाला शिवण नसते हो."

काकू हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या मोरीपाशी जाऊन ब्रश धुवायला लागल्या आणि धुता धुता त्यांना रडू फुटलं. आयुष्यभर ज्या हातांचं कौतुक झालं, तेच हात आड येत होते. चित्रकारणीनं कॅनव्हास उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि नवा काढला.

संग्रहालयात मूळ चित्रापुढे उभं राहून रंग जुळवायचे दिवस त्याहून वाईट असत. काकांच्या खुर्चीवर आता दुसरा पहारेकरी होता. काकू तिथे उभ्या राहून त्या दरीत बघत आणि त्यांच्या मनात येई, की आपला माणूस आपल्यापेक्षा जास्त वेळ हिच्याकडे बघत बसला. जागेपणीचा सगळा चांगला वेळ हिचा, आपल्या वाट्याला बूट काढण्यापासून पुढचा. पूर्वी थट्टा वाटायची ती आता वाटेनाशी झाली. त्या पाठमोऱ्या वाटसरूकडे त्या इतकं बघत की त्याच्या कोटाची घडी डोळे मिटूनही दिसे. तो कुठे निघालाय हे मात्र त्यांना कळत नव्हतं. काकांना विचारायला हवं होतं, पण आता विचारून उपयोग नव्हता.

घरी काका रोज थोडे थोडे कमी होत होते. मुलीला ते कधी ओळखत, कधी नर्स समजत. काकूंचं नाव त्यांना आठवत नसे, पण "अगं" राहिलं होतं. ती हाक ते दुसऱ्या कुणाला मारत नसत. काकू खोलीत आल्या की म्हणत, "अगं, कुठे होतीस?" आणि लगेच, "अगं, चित्र गेलं."

"आई, तू घरीच थांब ना," मुलगी एकदा म्हणाली. "ते विचारत राहतात तुला. चित्र होईल तेव्हा होईल. बाबा आत्ता आहेत."

"रोज रडताना बघवत नाही मला."

"मला तरी कुठे बघवतं? मी बसतेच ना इथे."

काकूंना त्यातलं खरं टोचलं. पण त्या जात राहिल्या. हात धुवून मागे लागायची त्यांची जुनी सवय होती. अर्धवट टाका सोडून उठणं त्यांच्या अंगात नव्हतं. एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुन्हा थंडी आली. कितीतरी खरवडलेल्या आभाळांनंतर एका दुपारी त्यांनी थकून, बघायचंही सोडून, जुन्या फडक्यानं ओला करडा रंग पुसला आणि त्याच्या कडेला फिकट पिवळ्याचा जाड फटकारा ओढला. चित्रकारीण जागेवरून उठून आली.

"आता हात लावू नका," ती म्हणाली. "ब्रश खाली ठेवा. खरंच ठेवा."

ढगामागून उजेड येत होता.

रंग वाळल्यावर काकूंनी चित्र चादरीत गुंडाळून घरी आणलं. मुलीनं काकांना आंघोळीला नेलं तेवढ्यात काकूंनी ते खिळ्यावर अडकवलं आणि खुर्ची समोर ठेवली. काकांना धरून आणून बसवलं. त्यांनी मान वर केली.

मग ते हळूच उठले, भिंतीला धरून जवळ गेले, डोकं वाकडं करून बाजूनं पाहिलं. खोली लहान होती म्हणून असेल किंवा नजर अधू झाली होती म्हणून, लहान आकार त्यांच्या लक्षात आला नाही. उजेड ढगाच्या कडेवर बसला होता.

"सापडलं," काका म्हणाले.

ते मागे येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांचे खांदे खाली आले. चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. मुलगी दाराशी रडत होती. काकांनी त्या दिवशी आपल्या हातानं पोटभर खाल्लं. दुपारी खुर्चीतच त्यांना डुलकी लागली आणि जागे झाल्यावर त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, आणि चित्र तिथेच होतं.

काकू शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. जन्मात कधी कुणाला काही मोठेपणानं सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना राहवलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे मी काढलंय."

काकांनी मान वळवली. "तू काढलंस?"

"हो. मी. सगळं मी काढलं."

"भिंतीवरून?"

काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या घाईनं बोलायला लागल्या. तसं काढलं नाही हो, रंगवलं, शिकले मी, हे बघा, म्हणत त्यांनी हात पुढे केले. नखांच्या कडांत करडा आणि तपकिरी रंग अजून होता. काकांनी त्यांचं मनगट धरलं आणि बोटांचा वास घेतला.

"चित्राला हात लावायचा नसतो," ते म्हणाले. आवाज घरातला नव्हता, दालनातला होता. "पाटी वाचली नाहीत का तुम्ही?"

"अहो, मी आहे."

"बाई, हे चित्र तुमच्या घरात कसं आलं, ते साहेबांना सांगा. मी फक्त पहारेकरी आहे."

मुलीनं येऊन मनगट सोडवलं. सकाळपर्यंत ते विसरतील, असं ती म्हणाली. बाकी सगळं विसरतच होते.

हे ते विसरले नाहीत. बायकोचं नाव, मुलीचं लग्न, स्वतःचं वय, सगळं गळून गेलं होतं, आणि ही एक गोष्ट मात्र खिळ्यासारखी ठोकली गेली. सकाळी उठून ते चित्र पाहत, समाधानानं मान हलवत, मग काकूंकडे बघून ताठ होत. खुर्ची त्यांनी तिरकी करून घेतली, म्हणजे चित्र आणि चोर दोन्ही नजरेत राहतील. "अगं" बंद झालं. काकू आल्या की "बाई" म्हणत, "तुम्ही" म्हणत, आणि कधीही आवाज चढवत नसत. काकूंनी ताट पुढे केलं की म्हणत, "ड्युटीवर मी कुणाकडून काही घेत नाही." मग मुलीला यावं लागे. तिच्या हातून ते खात.

एकदा खाता खाता त्यांनी तिच्या कानाशी तोंड नेलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या, त्यांना ऐकू आलं.

"या बाईवर लक्ष ठेव. आणि तुझी आई दिसत नाही हल्ली. तिला सांग, मला यायला उशीर होईल. चहासाठी थांबू नको म्हणावं."

मुलगी उठून आईजवळ आली. "काढून टाकू ते," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. खड्ड्यात गेलं चित्र."

त्यांनी ते खरोखर उतरवलं, काका झोपलेले असताना. उठल्यावर काकांनी भिंत पाहिली आणि असा काही आवाज काढला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. ते रडत होते, थरथरत होते, आणि दोन्ही हात काकूंकडे पसरून म्हणत होते, "अगं, चित्र गेलं. अगं, माझ्या ड्युटीवर गेलं."

काकूंनी त्यांना छातीशी धरलं. ते बिलगले. किती दिवसांनी बिलगले होते. मुलगी चित्र हातात धरून आतल्या दारात उभी होती आणि आईकडे बघत होती. काकू डोळे मिटून बसून राहिल्या. त्यांच्या खांद्याचा कपडा ओला होत होता.

"लाव परत," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"आई."

"लाव म्हणते ना. मी जरा वेळानं आत जाईन, मग त्यांना दाखव."

त्यानंतर चित्र कुणी उतरवलं नाही. काकूंनी आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं. काका झोपले की त्या पुढे येत, त्यांचे कपडे बदलत, पायांना तेल लावत, आणि त्यांनी डोळे उघडायच्या आत निघून जात. नवऱ्याच्या घरात त्या चोरपावलांनी वावरायला शिकल्या. चित्रकारीण एकदा पाहायला आली, चित्रापुढे उभी राहून म्हणाली की आभाळ फार चांगलं झालंय, मूळ चित्रासारखं नाही पण चांगलं आहे, आणि पुढचं कोणतं घेताय म्हणून तिनं विचारलं. काकूंनी रंगांची पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. ती बराच वेळ पेटीवर थरथरते हात ठेवून बसली आणि मग घेऊन गेली.

वसंताच्या सुमाराला काकांची छाती कफानं भरली. इस्पितळात नको, असं मुलीनं आणि काकूंनी ठरवलं आणि पलंग पुढच्या खोलीत, चित्रासमोर आणला. आता ते इतके अशक्त झाले होते की काकू जवळ बसल्या तरी ते नाही म्हणत नसत. फक्त बघत. एका दुपारी मुलगी औषध आणायला गेली होती. काका जागे होते, आणि त्यांची नजर त्या मानानं स्वच्छ होती.

"बाई," ते म्हणाले.

"हं."

"एवढं आवडलं होतं तर तिकीट काढून यायचं होतं. रोज यायचं. मी बसू दिलं असतं."

"सुचलं नाही," त्या म्हणाल्या.

"माझी बायको कधी आली नाही," काका म्हणाले. "एकदाच आली. तिनं बघितलंच नाही."

त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही. नंतर श्वास लांब लांब यायला लागला, आणि मुलगी परत येऊन दार उघडत होती तेव्हा तो थांबला होता.

सगळं आवरल्यावर, भेटायला आलेली माणसं निघून गेल्यावर, मायलेकी पुढच्या खोलीत बसल्या. पलंग अजून तिथेच होता. मुलीनं चाचरत विचारलं, "शेवटी ओळखलं का गं त्यांनी तुला?"

काकू हो म्हणू शकल्या असत्या. मुलगी ते मानायला तयार होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण रडले नाहीत."

मुलीनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. बाहेर दिवे लागत होते आणि रस्त्यावरून कुणीतरी जोरात हसत गेलं. उद्या पलंगाची गादी उन्हात टाकायला हवी, असं काकू म्हणाल्या, आणि बसून राहिल्या.